कावड, उसाची गाडी आणि गोल्फची काठी

“अरे, बॅट हातात वळली रे!” दोस्तांनो, हे वाक्य तुम्ही किती वेळा म्हटलंय? फटका तर सरळच मारला होता. पण चेंडू बॅटच्या मधोमध न लागता कडेला लागला, बॅट मुठीत गर्रकन फिरली आणि चेंडू अलगद समोरच्याच्या हातात! मग कुणीतरी मोठा मुलगा शहाणपणानं सांगतो, “तुझा हातच कच्चा आहे.” आपण मान खाली घालून झाडाखाली जाऊन बसतो.

पण दोष दरवेळी हाताचाच असतो का हो? हातातल्या काठीचा काहीच नसतो?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज आपण एका भलत्याच खेळाकडे जाणार आहोत. गोल्फकडे! “गोल्फ? आणि आमच्या शिरूर-दौंडमध्ये?” असं म्हणून हसू नका. शिरूरच्या एसटीत बसा. नगर रस्त्यानं पुण्याच्या अलीकडे येरवडा लागतं. तिथं चांगलं अठरा होलचं गोल्फचं मैदान आहे. दौंडहून रेल्वेनं निघालात तर पुणे स्टेशन पंच्याहत्तर किलोमीटरवर. आणि पुण्याच्याच उदयन मानेनं २०२१ साली टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये भारताकडून गोल्फ खेळलंय. म्हणजे हा खेळ आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही. पण गोल्फ निवडण्याचं खरं कारण वेगळंच आहे. या खेळात एक काठी अशी आहे, की तिनं मारलेल्या फटक्यात ताकद लागतच नाही. मग चूक झाली तर ती हाताची की काठीची, हे स्वच्छ शोधून काढता येतं.

गोल्फ माहीत नसेल तर दोन ओळींत सांगतो. मैदानात अठरा ठिकाणी लहान खड्डे असतात, त्यांना होल म्हणतात. दूरवरून चेंडू मारत मारत प्रत्येक होलमध्ये घालवायचा आणि हे सगळं कमीत कमी फटक्यांत करायचं. होलच्या भोवती गालिच्यासारखं बारीक कापलेलं गवत असतं, ते ग्रीन. (गंमत म्हणजे उष्ण देशांतल्या कितीतरी ग्रीनवर आपल्या हरळीच्याच जातीतलं गवत असतं. आपले शेतकरी जी हरळी खणून खणून दमतात, ती तिथं माळी पोटच्या पोरासारखी सांभाळतात!) चेंडू एकदा ग्रीनवर आला, की मोठ्या काठ्या पिशवीत जातात आणि एक छोटी, चपट्या डोक्याची काठी बाहेर निघते. तिचं नाव पटर. तिनं चेंडू उडवायचा नाही, नुसता लोटायचा.

सोपं वाटतं ना? थोडं गणित करू. होलची रुंदी १०.८ सेंटीमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.४ सेंटीमीटर. समजा तुम्ही होलपासून तीन मीटरवर उभे आहात. पटरचं तोंड चेंडूला लागताना फक्त एक अंश वाकडं झालं, तर चेंडू होलपर्यंत जाईतो साधारण सव्वापाच सेंटीमीटर बाजूला सरकतो. म्हणजे जेमतेम कडेवर! दोन अंश वाकडं झालं तर साडेदहा सेंटीमीटर, मग चेंडू होलकडे बघतसुद्धा नाही. कंपासपेटीतला कोनमापक काढा आणि दोन अंश म्हणजे किती ते बघा. दोन बारीक रेघांतलं ते अंतर!

अठरा होलचा खेळ बहुतेक ठिकाणी ७२ फटक्यांचा धरतात. त्यांतले निम्मे, म्हणजे ३६ फटके, या छोट्या काठीचे असतात. हिशेबच तसा आहे, प्रत्येक होलला दोन. त्याच टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली. तिचं पदक किती फटक्यांनी हुकलं माहीत आहे? एका. चार दिवस खेळून फक्त एका फटक्यानं!

तेव्हा तोंड एक अंशही वळू नये, आणि एकदाच नव्हे तर दर वेळी वळू नये, यासाठी काठी कशी असावी?

आता गोल्फचं मैदान सोडून परत आपल्या गावात या. हंगामात रस्त्यानं ऊस भरलेली बैलगाडी जाताना तुम्ही पाहिली असेल. गाडी भरणारा माणूस नुसता ऊस टाकत नाही, तो अंदाज घेत असतो. चाकांच्या कण्याच्या मागं जास्त ऊस पडला, तर गाडी मागं बसते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. याला म्हणतात गाडी उलाळ झाली. पुढं जास्त भरला, तर सगळं ओझं बैलांच्या मानेवर. ऊस तेवढाच, गाडी तीच, बैल तेच. पण वजन कुठं ठेवलं यावर बैलांचा जीव सुखात की हालात हे ठरतं. वजनाचा तोल जिथं साधतो, त्या बिंदूला तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वमध्य म्हटलंय.

तो डोळ्यांनी बघायचाय? एखादा अख्खा ऊस घ्या आणि एका बोटावर आडवा तोलून धरा. बोट उसाच्या बरोबर मध्यावर येणार नाही, बुडख्याकडे सरकेल. कारण बुडखा जाड आणि जड. (नंतर ऊस खाऊन टाका, प्रयोग वाया जाता कामा नये.)

पण नुसता तोल साधून काम भागत नाही. गोष्ट इथं खरी रंगते. श्रावणबाळाची कावड आठवा. खांद्यावर आडवा बांबू, एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला वडील. तोल अगदी बरोबर. आता तशीच कावड घेऊन, टोकांना पाण्यानं भरलेले दोन डबे लटकवून, तुम्ही गल्लीतून चाललाय असं समजा. समोरून सायकल आली आणि तुम्हाला चटकन वळायचंय. वळता येईल? नाही! तुम्ही वळायला बघता, पण कावड ढिम्म हलत नाही. आणि एकदा वळू लागली, की थांबता थांबत नाही. तेच दोन डबे खांद्याला चिकटून, पोटाशी धरले असते, तर तुम्ही भिंगरीसारखे गिरकी घेतली असती. वजन दोन्ही वेळा सारखंच. मग फरक कशानं पडला? वजन मध्यापासून किती लांब आहे, त्यानं!

जाडजूड पुस्तकात याला मोठं नाव आहे, पण आपण त्याला ‘वळण्याचा आळस’ म्हणू. वजन मध्यापासून जितकं लांब, तितका हा आळस जास्त. आणि तो नुसता वाढत नाही, अंतराच्या वर्गानं वाढतो. दीडशे ग्रॅमचे दोन तुकडे मध्यापासून एक सेंटीमीटरवर ठेवले आणि मग तेच पाच सेंटीमीटरवर सरकवले, तर त्यांचा आळस पाचपट नाही, पंचवीसपट होतो! दोरीवर चालणाऱ्या मुलीच्या हातात लांबच लांब काठी का असते, हे आता कळलं? ती काठी सहजासहजी कलंडायला तयारच होत नाही. तेवढ्या वेळात ती मुलगी पाय सावरून घेते.

हीच युक्ती गोल्फच्या काठीत आणणाऱ्या माणसाचं नाव कार्स्टन सोल्हाइम. १९११ साली नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये, एका चांभारकाम करणाऱ्याच्या घरी जन्मलेला. लहानपणीच अमेरिकेत आला. मोठेपणी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत इंजिनिअर झाला. गोल्फ त्यानं वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हातात धरला, आणि बाकीचं जमलं तरी पटिंग काही केल्या जमेना. चेंडू सारखा बाजूला!

कुणीही म्हटलं असतं, “हात कच्चा आहे, सराव वाढवा.” सोल्हाइमनं मात्र काठी उलटीपालटी करून पाहिली. त्या काळचे बरेचसे पटर म्हणजे एक साधी पट्टी आणि तिच्या एका टोकाला दांडा. चेंडू जरा कडेला लागला की पट्टी वळायची. मग त्यानं काय केलं? आईस्क्रीमच्या काड्या घेतल्या, त्यांच्या दोन टोकांना साखरेचे दोन चौकोनी खडे चिकटवले आणि मधोमध दांडा लावला. झाला नमुना तयार! साखरेच्या खड्यांची कावडच म्हणा ना. आपल्या भागात साखरेचं काय अप्रूप, दौंडकडची गुऱ्हाळं आणि गूळ तर प्रसिद्धच. पण साखरेनं पदार्थविज्ञान शिकवल्याचं उदाहरण विरळच!

या नमुन्यावरून त्यानं १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीत, घराच्या गॅरेजमध्ये, खरा धातूचा पटर बनवला. पटरच्या डोक्याच्या एका टोकाला टाच म्हणतात, दुसऱ्याला चवडा. आपल्या पायासारखंच. सोल्हाइमनं मधली जागा पोकळ ठेवली आणि वजन टाच आणि चवडा या दोन टोकांना वाटलं. चेंडूला तो लागला की ‘पिंग’ असा आवाज यायचा. बायका-मुलांना त्या आवाजाचा त्रास झाला असेल-नसेल, पण त्याच्या कंपनीचं नाव मात्र ‘पिंग’ पडलं. १९६६ साली त्यानं आणखी एक पटर सुचला तसा ग्रामोफोनच्या तबकडीच्या वेष्टनावरच रेखाटून ठेवला. त्याला नाव द्यायचं होतं ‘आन्सर’, म्हणजे उत्तर. पण इंग्रजी स्पेलिंग पटरवर मावेना. त्याची बायको लुईस म्हणाली, मग डब्ल्यू गाळून टाका! तसा स्पेलिंग चुकलेला तो पटर जगभर गाजला. त्याच्यासारखे दिसणारे पटर आजही दुकानांत मिळतात. (शाळेत मात्र हे कारण बाई ऐकून घेणार नाहीत.)

आता नीट लक्ष द्या, कारण इथं पुष्कळ लोकांची गल्लत होते. वजन टोकांना नेलं म्हणजे तुमचा हात सुधारला असं नाही. तुम्ही चेंडू मधोमध मारलात, तर जुनी पट्टी आणि नवा पटर यांत फारसा फरक पडणार नाही. फरक पडतो तो चुकल्यावर. चेंडू सेंटीमीटरभर चवड्याकडे लागला, तर जुनी पट्टी वळून जाते, चेंडू वाकडा निघतो आणि होलपर्यंत पोचतही नाही. नवा पटर वळायला आळस करतो, म्हणून चेंडू जवळजवळ सरळ आणि जवळजवळ तितकाच लांब जातो. थोडक्यात, काठी चूक खोडत नाही, पण चुकीची शिक्षा कमी करते. हल्ली मोठाल्या डोक्याचे, ठोकळ्यासारखे पटर निघालेत. ते याच कल्पनेचे पुढचे अवतार.

सोल्हाइमनंतर एक प्रश्न तरीही उरला होता. चेंडू लागल्यावर पटर वळू नये हे झालं. पण चेंडू लागायच्या आधीच, नुसता मागंपुढं झुलवताना, पटर हातात वळत असेल तर?

जुन्या वाड्यातलं एखादं दार आठवा. उघडं ठेवून आलं की आपोआप करकरत मिटतं. भूतबित काही नसतं हो! त्याच्या बिजागऱ्या एकावर एक सरळ ओळंब्यात नसतात. बिजागऱ्यांची रेघ तिरपी झाली, की दाराचं वजन दाराला खाली, म्हणजे एका बाजूला ओढत राहतं. पटरचंही तसंच. नियमच आहे की पटरचा दांडा उभ्या रेषेपासून निदान दहा अंश कललेला असला पाहिजे. म्हणजे बिजागरी तिरपीच! मग डोक्याचं वजन दांड्याच्या रेषेच्या एका बाजूला असेल, तर ते डोकं दांड्याभोवती फिरू बघणार. ते फिरू नये म्हणून तुमची मनगटं सारखी त्याला धरून ठेवणार. दर वेळी सारखीच धरतील? सकाळी धरतील, पण संध्याकाळी दमल्यावर? सामन्याच्या शेवटच्या होलला, छाती धडधडत असताना?

तुम्हाला हे करून बघता येईल. शाळेतली हॉकी स्टिक घ्या आणि दांडा दोन्ही हातांच्या एकेका बोटावर आडवा ठेवा, अगदी सैल. वाकडं टोक लगेच गिरकी घेऊन खाली लोंबेल. कितीही वेळा वर करा, पुन्हा खाली! पटरही बोटावर असाच ठेवून बघतात. कुणाचा चवडा खाली लोंबतो, कुणाचं तोंड आभाळाकडे सपाट राहतं. चवडा लोंबणारा पटर झुलताना दारासारखा थोडा उघडतो आणि मिटतो. सपाट राहणारा त्यामानानं कमी वळतो. शिकवणारे सांगतात, की ज्यांचा हात कमानीसारखा वळत जातो त्यांना पहिला बरा, ज्यांचा रेल्वेच्या रुळासारखा सरळ मागं-पुढं जातो त्यांना दुसरा. मला विचाराल तर हा नियम दगडावरची रेघ नव्हे. दोन्ही वापरून बघावेत, हे उत्तम.

अलीकडे मात्र तिसराच प्रकार पुढं आलाय. दांड्याची रेघ सरळ डोक्याच्या गुरुत्वमध्यातूनच जाईल अशी रचना. म्हणजे बिजागरी तिरपी असली तरी दाराचं वजन दोन्ही बाजूंना सारखंच. जिथं सोडाल तिथं दार उभं! दिसायला हे पटर विचित्र दिसतात. पहिल्यांदा लोक हसले. पण २०२५ च्या जून महिन्यात अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या शेवटच्या होलवर जे. जे. स्पॉन नावाच्या खेळाडूनं असाच पटर हातात घेऊन चौसष्ट फुटांवरून चेंडू होलमध्ये घातला आणि स्पर्धा जिंकली. चौसष्ट फूट म्हणजे साडेएकोणीस मीटर. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे वीस मीटरची. एका स्टंपापासून दुसऱ्या स्टंपापर्यंत लोटत न्यायचा, तोही चढउताराच्या गवतावरून! अर्थात त्या एका फटक्याचं सगळं श्रेय काठीला देणं बरोबर नाही. ग्रीनचा उतार वाचला डोळ्यांनी, जोर मोजला हातांनी. ती कामं कुठलीच काठी करून देत नाही.

आता तुमच्या आईबाबांनाही दोन शब्द. (हा परिच्छेद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.) आपल्याकडे बॅट घेताना शर्टासारखा विचार करतात. “एक माप मोठीच घेऊ, दोन वर्षं चालेल.” शर्ट मोठा असला तर बाह्या दुमडता येतात, बॅटच्या बाह्या कशा दुमडणार? मापापेक्षा मोठ्या बॅटचा गुरुत्वमध्य मुलाच्या हातांपासून फार लांब जातो. तीच बॅट, मग, तराजूतल्या वजनापेक्षा हाताला कितीतरी जड लागते. मूल ती सरळ आणू शकत नाही, आडवी फिरवतं, आणि सगळे म्हणतात की याला सरळ बॅट चालवता येत नाही. पटरचंही तेच. मोठ्यांचा लांब पटर मुलाला दिला, तर दांड्याचं टोक पोटात टोचतं, म्हणून मूल चेंडूपासून लांब उभं राहतं आणि डोळे चेंडूच्या रेषेवर येतच नाहीत. महाग काठी नको, मापाची हवी. दुकानात गेल्यावर बॅट मुलाच्या एका हातात, डाव्या हाताचा खेळ नसेल तर डाव्या हातात, द्या आणि ती सरळ उचलून खांद्यापर्यंत नेता येते का ते बघा. मान किंवा पाठ वाकडी झाली, की ती बॅट परत कपाटात.

आणि पटर विकत घ्यायची तर मुळीच गरज नाही. घरीच करू या. सुताराकडून बारा-तेरा सेंटीमीटर लांबीचा, चार सेंटीमीटर उंच आणि तीन सेंटीमीटर जाड असा लाकडाचा ठोकळा आणा. फेकून द्यायच्या तुकड्यांत मिळून जाईल. त्याच्या मधोमध भोक पाडून जुन्या झाडूचा दांडा किंचित तिरपा बसवा. दांड्याची लांबी इतकीच, की कमरेत वाकून उभं राहिलं तर हात सैल लोंबतात तिथं वरचं टोक यावं. मग सायकलवाल्याकडून किंवा गॅरेजमधून मोठे, जड असे चार नट आणा. ते ठोकळ्याच्या मागच्या बाजूला रबराच्या पट्टीनं बांधायचे.

शहाबादी फरशीवर खेळणार असाल, तर आधी चेंडू नुसता ठेवून फरशीचा उतार बघून घ्या. उतार बहुतेक मोरीकडे असतो! मग दोन गोट्या अकरा सेंटीमीटर अंतरावर ठेवा, ते तुमचं होल. तिथून तीन मीटरवर खडूनं रेघ मारा. चेंडू कडक रबरी घ्या आणि दर फटक्याआधी त्याला खडूची पूड लावा. म्हणजे चेंडू ठोकळ्याला नेमका कुठं लागला त्याचा पांढरा ठिपका उमटेल.

पहिले वीस फटके चारही नट दांड्यापाशी, मधोमध बांधून. पुढचे वीस, दोन नट टाचेला आणि दोन चवड्याला बांधून. प्रत्येक फटक्यानंतर तीन गोष्टी लिहा: ठिपका मध्यापासून किती लांब, चेंडू गोट्यांच्या मधून गेला का, आणि नाही तर कुठल्या बाजूनं गेला. ठिपके मध्यावर पडले त्या फटक्यांत दोन्हींत फारसा फरक नसेल. जे ठिपके कडेला पडले, ते मात्र वेगळे काढून मोजा. खरी गंमत त्यांतच आहे.

एक लबाडी होऊ शकते. आपल्याला नट कुठं आहेत हे माहीत असलं, की मन नकळत ‘बरोबर’ उत्तराकडे झुकतं. म्हणून ठोकळ्यावर कागदाचं वेष्टन लावा आणि नट कुठं बांधायचे हे भावाला किंवा बहिणीला ठरवू द्या. तुम्ही नुसते फटके मारा. चाळीस फटके झाल्यावर वेष्टन काढा आणि आधी ओळखा, मग बघा. एका दिवशी वीस-वीस फटक्यांवर फरक दिसला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस-वीस मारा आणि आकडे एकत्र करा. आणि हो, तुमच्या वहीतले आकडे आम्हाला नक्की कळवा. नट मधोमध असताना किती गेले, टोकांना असताना किती. चेंडू मोरीत गेला असेल तर तोही मोजायचा बरं का!